एकाच घरातले दोन बाबा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, त्याबद्दल आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे. आपली 1996 ची दहावीची बॅच. तीस वर्षं झाली. आपल्या ग्रुपवर सकाळच्या फुलांचे फोटो सोडले तर दोनच विषय चालतात. एक, पोराचं काय चाललंय, लातूरला टाकला की कोटाला. दुसरा, आई-बाबांची तब्येत. वरची पिढी आणि खालची पिढी यांच्या मधोमध आपण उभे आहोत. म्हणून मी आज याच मधल्या जागेबद्दल बोलणार आहे. आई-वडिलांनी आपल्याला कसं वाढवलं असं आपल्याला वाटतं, आणि आज माणसांशी वागताना आपल्याला जो त्रास होतो, या दोन गोष्टींचा काय संबंध आहे, हा माझा विषय.

आधीच सांगते, मी मानसशास्त्र शिकलेली नाही. शाळेनंतर शेगावला इंजिनिअरिंग केलं आणि वीस-बावीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. या विषयाकडे मी अभ्यास म्हणून आले नाही. अडले म्हणून आले.

झालं असं की, काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली आठ-नऊ जणांची टीम आली. काम मला येत होतं, माणसं येत नव्हती. एखाद्या पोराने चुकीचा कोड लिहिला तर ‘हे चुकलंय, परत कर’ एवढं वाक्य माझ्या तोंडून निघायचं नाही. मी रात्री दोनपर्यंत जागून ते स्वतः दुरुस्त करायची. वरच्या साहेबांनी जरा आवाज चढवला की तळहाताला घाम. कोणी काही मागितलं की ‘हो’ आधी बाहेर पडायचं आणि विचार नंतर सुरू व्हायचा. घरीही तेच. शेवटी झोप गेली आणि डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. मला वाटलं, त्या ताणाबद्दल बोलतील, श्वासाचे व्यायाम सांगतील. त्यांनी माझ्यासमोर दोन प्रश्नावल्या ठेवल्या.

पहिली प्रश्नावली 1988 मधली आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लेनर्ड होरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. त्यांनी काय केलं, तर उपचारासाठी येणारी माणसं पहिल्या भेटीत ज्या तक्रारी सांगतात त्या गोळा केल्या. लक्षात आलं की माणसांशी संबंधित तक्रारी दोनच प्रकारच्या असतात. ‘मला अमुक करणं जड जातं’ आणि ‘मी अमुक गोष्ट फार जास्त करतो’. नाही म्हणणं जड जातं. कुणावर विश्वास टाकणं जड जातं. मी दुसऱ्यांसाठी फार करते. मी लगेच भांडायला उठतो. 1990 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी यातली 64 वाक्यं निवडून एका वर्तुळावर आठ गटांत मांडली. फार हुकूम गाजवणारे, सतत संशय घेणारे, कोरडे, लोकांत मिसळायला बिचकणारे, स्वतःचं म्हणणं न मांडू शकणारे, कुणीही वापरून घ्यावं असे, दुसऱ्यासाठी झिजणारे, आणि दुसऱ्याच्या आयुष्यात नको इतकं घुसणारे. ऐकताना तुमच्या डोळ्यासमोर एकेक चेहरा आला असेल. माझ्यासमोरही आपल्या वर्गाची हजेरी आली होती. मी नेमकी स्वतःचं म्हणणं न मांडणाऱ्या आणि दुसऱ्यासाठी झिजणाऱ्या कोपऱ्यात निघाले.

दुसरी प्रश्नावली 1979 मधली, ऑस्ट्रेलियातल्या गॉर्डन पार्कर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांची. पंचवीस वाक्यं. वयाची पहिली सोळा वर्षं आठवायची आणि आईसाठी वेगळी, वडिलांसाठी वेगळी उत्तरं द्यायची. बारा वाक्यं मायेबद्दल आहेत. म्हणजे प्रेमाने बोलत होते का, माझं दुःख त्यांना कळत होतं का. तेरा वाक्यं ताब्याबद्दल आहेत. माझे निर्णय मला घेऊ देत होते का, की प्रत्येक गोष्टीत हात घालत होते.

या दोन मापांतून चार प्रकारची घरं तयार होतात. माया भरपूर आणि ताबा कमी, हे सगळ्यात बरं घर. माया भरपूर आणि ताबाही भरपूर, म्हणजे प्रेमाने बांधून ठेवणारं घर. माया कमी आणि ताबा जास्त, म्हणजे नुसत्या धाकाचं घर. आणि दोन्ही कमी, म्हणजे दुर्लक्षाचं घर. त्याच्याही आधी, साठच्या दशकात, डायना बॉमरिंड या अमेरिकन बाईंनी पालकांचे प्रकार सांगितले होते. हुकमी, मोकळं सोडणारे, आणि नियम पाळायला लावणारे पण नियमाचं कारण सांगणारे. त्यांचा निष्कर्ष असा की मुलं तिसऱ्या प्रकारच्या घरात चांगली वाढतात. म्हणजे शिस्त वाईट नाही. मायेशिवायची आणि कारण न सांगणारी शिस्त वाईट.

आता या दोन प्रश्नावल्या शेजारी ठेवल्या की काय दिसतं? मी इंजिनिअर, मला आलेख दिसतो. होरोविट्झ यांच्या वर्तुळाला दोन अक्ष आहेत. एक जवळीक, दुसरा वर्चस्व. पार्कर यांच्या प्रश्नावलीलाही दोन अक्ष आहेत. एक माया, दुसरा ताबा. लहानपणी आपण घरात ज्या दोन गोष्टी मोजल्या, त्याच दोन गोष्टींत मोठेपणी आपण अडखळतो. कोणाच्या किती जवळ जायचं, आणि कोणाचं किती ऐकायचं. बऱ्याच देशांत झालेल्या अभ्यासांचा कल साधारण असाच आहे. ज्यांना आपलं बालपण कमी मायेचं आणि जास्त ताब्याचं आठवतं, त्यांना माणसांशी वागताना जास्त अडचणी येतात. पण हा संबंध सैल आहे. धाकाच्या घरातून आलेली कितीतरी माणसं मोकळी आणि खंबीर असतात. स्वभाव असतो, भावंडं असतात, मित्र असतात, शिक्षक असतात. सगळं खापर आई-वडिलांवर फोडायला ही प्रश्नावली नाही.

मी आईसाठी फॉर्म भरला, बाबांसाठी भरला. बाबांचा गुणांक निघाला तो भरपूर मायेचा आणि बऱ्यापैकी ताब्याचा. बाई म्हणाल्या, ‘तुम्हाला भाऊ-बहीण आहे का? त्यांना विचारा ते काय भरतात.’

तुमच्यापैकी जे आमच्या गल्लीत यायचे त्यांना माझे बाबा आठवत असतील. एसटीत कंडक्टर. खाकी गणवेश, खांद्याला चामडी बॅग, हातात तिकिटांची पेटी. शेगावच्या फेरीला गेले की येताना कचोरी आणायचे. मी ती बॅग गळ्यात अडकवून ‘मेहकर, लोणार, मेहकर, लोणार’ ओरडत ओट्यावर फिरायची आणि बाबा प्रवासी होऊन तिकीट मागायचे. माझ्या आठवणीतली बॅग ही अशी आहे.

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. तो नाशिकला असतो. गेली कित्येक वर्षं तो दिवाळीला घरी येत नव्हता. आला तरी एक दिवस, आणि बाबा ओट्यावर असले की हा मागच्या दाराने. मी त्याला कायम रागावत आले. म्हातारा माणूस आहे, तुला काय कमी केलं त्यांनी, असं. मी त्याला फोनवर एकेक वाक्य वाचून दाखवलं आणि तो उत्तरं देत गेला. मायेच्या बारा वाक्यांपैकी बहुतेकांना त्याने ‘अजिबात नाही’ म्हटलं. मला वाटलं, रागात बोलतोय. मी म्हटलं, ‘दादा, कचोरी विसरलास?’ तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘कचोरी तुझ्या वेळची. माझ्या वेळी त्या बॅगचा पट्टा होता.’

त्याच्या दहावीच्या वर्षी पूर्वपरीक्षेत गणितात तो नापास झाला होता. बाबा रात्रीच्या मुक्कामाची गाडी करून सकाळी आले, गुणपत्रक पाहिलं आणि बॅगचा पट्टा काढला. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. मी त्या दिवशी घरात होते का हेसुद्धा मला आठवत नाही. त्याला मात्र तारीख आठवते.

फोन ठेवल्यावर मी आईला विचारलं. आई म्हणाली, ‘त्या साली तुझ्या काकाच्या दवाखान्याचं कर्ज होतं ना बाई. सावकार दारात येऊन बसायचा. तुझे बाबा डबल ड्युटी करायचे, दोन-दोन दिवस घरी नसायचे.’ मी सहावी-सातवीत गेले तोवर कर्ज फिटलं होतं, बाबांना दिवसाची ड्युटी मिळाली होती. म्हणजे दादाची सोळा वर्षं वेगळी आणि माझी सोळा वर्षं वेगळी. घर एकच, पण दादाच्या वाट्याला एक बाबा आले आणि माझ्या वाट्याला दुसरे. मी वीस वर्षं माझ्या बाबांच्या वतीने त्याच्या बाबांची बाजू मांडत होते.

या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द इथे येतो. ‘असं वाटतं’. ही प्रश्नावली आई-वडील कसे होते ते मोजत नाही. ते कसे होते असं मुलाला वाटतं, ते मोजते. मग एखादा म्हणेल, वाटण्याला काय किंमत? आज भांडण झालं तर वाईट आठवेल, उद्या समेट झाला तर चांगलं. ही शंका संशोधकांनाही होती. 1978 मध्ये सिडनीत शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्या तरुण-तरुणींचा एक गट पार्कर यांच्या चमूने अभ्यासाला घेतला आणि त्याच लोकांना पुढे अनेक वर्षं पुन्हापुन्हा तेच प्रश्न विचारले. वीस वर्षांनंतरही लोकांची उत्तरं बरीचशी तीच राहिली. मधल्या काळात त्यांची लग्नं झाली, मुलं झाली, काहींना नैराश्य येऊन गेलं, तरी आई-बाबांबद्दलचं मत फारसं हललं नाही. म्हणजे हे वाटणं वाऱ्यावरचं नसतं. सोळाव्या वर्षापर्यंत मनात जी नोंद होते ती टिकते. आणि माणूस मोठेपणी वागतो तो त्या नोंदीप्रमाणे.

आपल्या मराठीत याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण आहे, साने गुरुजींचं ‘श्यामची आई’. 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ते चार-पाच दिवसांत लिहून काढलं. आपण ते आईचं पुस्तक म्हणून वाचतो. खरं तर ते मुलाच्या आठवणीचं पुस्तक आहे. मोठा झालेला श्याम रोज रात्री मित्रांना आईबद्दल सांगतो. त्यातली आई मारतेही. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती चांगली बडवून विहिरीकडे पाठवते. पण ती का मारते, तिला स्वतःला किती लागतं, हे श्यामला कळलेलं आहे. मार त्याच्या आठवणीत आहे, पण मायेच्या आत आहे. दादाच्या आठवणीत मार आहे आणि त्याच्याभोवती काही नाही. बाबांनी त्या दिवशी नंतर त्याच्या पाठीवरून हात फिरवला असता, किंवा कर्जाबद्दल चार वाक्यं सांगितली असती, तर कदाचित आमच्या घरची पुढची तीस वर्षं वेगळी गेली असती. पण बापाने पोराला आपली अडचण सांगायची नसते, असं बाबांना त्यांच्या बापाने शिकवलं होतं.

आपण जिजाऊंच्या जिल्ह्यातली माणसं. दर 12 जानेवारीला सिंदखेडराजाला गर्दी होते, आणि शाळेत असताना आपणही ट्रकमध्ये बसून गेलो आहोत. ‘घरोघरी जिजाऊ जन्माव्यात’ असं भाषणात म्हणायची आपली पद्धत आहे. म्हणताना आपण एक विसरतो. 1629 मध्ये दौलताबादला जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव आणि त्यांचे मुलगे निजामशाही दरबारात मारले गेले, आणि पुढच्याच फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. माहेर उद्ध्वस्त झालेली बाई मूल वाढवत होती, आणि शहाजीराजे पुढे बराच काळ दक्षिणेत. पालक कसे वागतात हे ते कोणत्या दिवसांतून जात आहेत यावर फार अवलंबून असतं. आपल्या भागात नापिकीचं साल आणि पोराला बसलेला मार, यांची तारीख बऱ्याचदा एकच निघेल. याने मार योग्य ठरत नाही. पण मारणारा माणूस कळायला मदत होते.

इथपर्यंत मी मुलगी होते. आता आई म्हणून जे झालं ते सांगते, आणि ते सांगायला मला जास्त जड जातं.

माझी मुलगी यंदा दहावीला आहे. मी तिच्यावर कधी हात उचलला नाही, कधी आवाज चढवला नाही. मला वाटायचं की मी आमच्या घराण्यातली पहिली चांगली पालक. एका रविवारी मी गमतीत तिला म्हटलं, ‘हा फॉर्म माझ्यासाठी भर.’ तिने दहा मिनिटांत भरून दिला. मायेचे गुण चांगले होते. ताब्याचे गुण मी बाबांना दिले होते त्यापेक्षा जास्त होते. मी म्हटलं, ‘मी तुला कधी ओरडते तरी का?’ ती म्हणाली, ‘आई, तू ओरडत नाहीस. पण तू सगळं बघत असतेस.’

मी विचार केला तेव्हा लक्षात आलं. तिच्या फोनचं लोकेशन माझ्या फोनवर. क्लासची हजेरी माझ्या फोनवर. चाचणीचे गुण तिच्याआधी मला. मैत्रिणीकडे गेली तर पोचल्याचा मेसेज, निघाल्याचा मेसेज. आपल्या आई-बाबांना आपण चारपासून सातपर्यंत कुठे होतो हे ठाऊक नसायचं. आपण आमराईत असायचो, तळ्यावर असायचो, आणि सांगितलं असतं तर मार खाल्ला असता असं बरंच काही करायचो. आपला पट्टा गेला हे फार चांगलं झालं. शाळेतली छडीही 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद केली. पण ताबा गेला नाही. तो मोबाइलमध्ये आला. आणि आपण त्याला काळजी म्हणतो.

दादाची मुलगी कॉलेजला आहे. तिने काहीही केलं तरी तो काही बोलत नाही. त्याला वाटतं तो तिला मोकळीक देतो. वहिनी म्हणते, ‘तो तिला काही विचारतच नाही.’ बाबांसारखं व्हायचं नाही म्हणून तो दुर्लक्षाच्या घरापाशी जाऊन पोचला, आणि मी नजर ठेवायच्या घरात. आम्ही दोघंही बाबांपासून पळालो, पण वेगवेगळ्या दिशांना.

मग करायचं काय? मी तीन गोष्टी करून पाहते आहे, त्या सांगते.

पहिली, भावंडांना विचारा. भांडायला नाही, ऐकायला. ‘तुझे बाबा कसे होते?’ एवढंच. जमीन-जुमल्याचे वाद सोडून आपण भावंडं शेवटचं कधी बोललो ते आठवून पाहा. माझ्यासाठी त्या एका फोनने वीस वर्षांचा राग उतरवला.

दुसरी, मुलांना विचारा, आणि उत्तर आलं की लगेच खुलासा करू नका. मला त्या रविवारी फार काही बोलायचं होतं. मी गप्प बसले. आठवड्याभराने लोकेशन बंद केलं. पहिले चार दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आता ती स्वतःहून फोन करते. रोज नाही, पण करते.

तिसरी गोष्ट स्वतःसाठी. नोंद टिकाऊ असली तरी तिच्याप्रमाणेच वागलं पाहिजे असं नाही. साहेबांचा आवाज चढला की मला आता कळतं की हा घाम ऑफिसचा नाही, जुना आहे. कळल्यावर घाम थांबत नाही, पण ‘उद्या सांगते’ एवढं म्हणता येतं. ‘उद्या सांगते’ हे ‘नाही’ म्हणायच्या आधीचं पाऊल आहे. ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी. आणि झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मैत्रिणीला विचारत बसू नका. डॉक्टरांकडे जा. आपल्याकडे त्याची लाज वाटते, मलाही वाटली होती.

समोर आमच्या गणिताच्या बाई बसल्या आहेत, म्हणून एक शेवटचं. बाई, फळ्यावर उदाहरण चुकलं की तुम्ही म्हणायच्या, ‘बरं, तू असं का केलंस ते सांग.’ चुकल्यावर कारण विचारणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. माझ्या टीममधल्या पोरांना मी आता हेच वाक्य म्हणते. घरी जे मिळालं नाही ते कधी शाळेत मिळतं. ज्याच्या वाट्याला धाकाचं घर आलं, त्याच्यासाठी शाळेतलं असं एक माणूस पुष्कळ असतं.

तुम्ही विचाराल, दादा आणि बाबांचं काय झालं. सिनेमासारखं काही झालं नाही. मी बाबांना पट्ट्याबद्दल विचारलं. ते बराच वेळ अंगणात बघत राहिले, मग म्हणाले, ‘त्याले आठवते व्हय?’ आणि उठून आत गेले. दोघं अजूनही फार बोलत नाहीत. पण गेल्या पोळ्याला दादा तीन दिवस राहिला. जाताना बाबा त्याला सोडायला स्टँडवर गेले, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. कोण काय बोललं ते दोघंही सांगत नाहीत.

घरी गेल्यावर मुलांना तो एक प्रश्न नक्की विचारा.